सुक्याबरोबर जळणारे ओले

२०२५ च्या मे महिन्यात, सीमेवर तणाव होता त्या आठवड्यात, आमच्या गावातल्या चौकातल्या चहाच्या टपरीवर रोज संध्याकाळी गर्दी जमत असे. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आणि प्रत्येक मोबाईलवर कुठेतरी आग लागलेली. माझा एक जुना विद्यार्थी, जो आता ट्रॅक्टर चालवतो आणि माझ्या पत्नीला मध्यरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा न बोलावता गाडी घेऊन दारात उभा राहिला होता, तो मला म्हणाला, "सर, एकदाचं समदं शहरच उडवून टाकाले पाहिजे. सुक्यासंगं ओलं जयतेच, त्याले काही इलाज नाही." बाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. आपल्याच सरकारने त्या दिवशी, कारवाई केवळ दहशतवाद्यांच्या तळांवर होती आणि नागरी वस्तीला इजा होऊ नये याची काळजी घेतली होती, असे जाहीर केले होते. तरी टपरीवरच्या लोकांना त्यात समाधान नव्हते, किंबहुना थोडी निराशाच होती. मी काही बोललो नाही. अठ्ठावीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाने त्या क्षणी गप्प राहणे बरोबर नव्हते, हे मला घरी येईपर्यंत कळून चुकले होते.

हे लेखन म्हणजे त्या मुलाला उशिराने दिलेले उत्तर आहे. त्यासाठी मी युरोपचा इतिहास घेतो, कारण आपण चौकात सहज उच्चारतो ती म्हण युरोपात सरकारी धोरण बनली होती. तिच्यावर सह्या झाल्या, तिचे आदेश निघाले, तिचे हिशेब ठेवले गेले, आणि पुढे त्याच देशांच्या संसदेत, चर्चमध्ये आणि न्यायालयांत तिच्यावर वादही झाला. हे सगळे कागदावर आहे, आणि म्हणूनच ते तपासता येते.

पण आधी आमच्या गावातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की चैत्र-वैशाखात धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवण्याची पद्धत आहे. मी नऊ वर्षांचा असताना एका शेतकऱ्याने भर दुपारी धुरा पेटवला आणि आग शेजाऱ्याच्या कुटाराच्या, म्हणजे भुसकटाच्या, गंजीपर्यंत पोहोचली. त्या आगीची मला सर्वांत स्पष्ट आठवण आहे ती ज्वाळांची नाही, वाऱ्याची आहे. गंजी पूर्ण पेटली तेव्हा आजूबाजूची हवाच तिच्याकडे ओढली जाऊ लागली. वाळलेली पळसाची पाने जमिनीवरून सरपटत आगीच्या दिशेने निघाली होती आणि माझा सदरा पाठीमागून फडफडत होता, जणू कोणी मला तिकडे ढकलत होते. गंजीला लागून गोठा होता. दावणीला दोन बैल होते. एकाचे दावे कोणीतरी विळ्याने कापले, दुसऱ्यापर्यंत पोहोचता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर पंच बसले. धुरा पेटवणारा म्हणाला की त्याला फक्त स्वतःचा धुरा जाळायचा होता, वारा अचानक फिरला. पंचांपैकी एका म्हाताऱ्याने त्याला विचारले की पेटवताना वारा कोणाच्या गोठ्याकडे होता, दुपारऐवजी पहाटे का पेटवला नाही, आणि शेजाऱ्याला जनावरे सोड म्हणून निरोप धाडला होता का. त्याच्याकडे एकाचेही उत्तर नव्हते. बैलाची किंमत त्याला भरून द्यावी लागली. "सुक्याबरोबर ओले जळते" ही म्हण त्या पारावर बसलेल्या प्रत्येकाला पाठ होती, पण त्या दिवशी ती कोणी उच्चारली नाही, कारण जळालेला बैल समोरच पडलेला होता.

आता युरोपकडे येतो. युद्धातही काही मर्यादा असाव्यात, हे युरोपला ठाऊक नव्हते असे नाही. विमान प्रत्यक्षात उडण्याच्या आधीच, १८९९ मध्ये, हेग येथील परिषदेत फुग्यांमधून स्फोटके टाकण्यावर पाच वर्षांची बंदी घालण्यात आली होती. १९०७ च्या हेग करारात, संरक्षण नसलेली गावे, वस्त्या आणि घरे यांच्यावर कोणत्याही साधनाने मारा करू नये, असे स्पष्ट कलम होते. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १ नोव्हेंबर १९११ रोजी, ज्युलिओ गाव्होत्ती नावाच्या इटालियन वैमानिकाने आजच्या लिबियात, त्रिपोलीजवळच्या मरूद्यानांवर, हाताने बॉम्ब टाकले. विमानातून झालेली ही पहिली बॉम्बफेक, आणि ती आफ्रिकेत झाली.

हा योगायोग नव्हता. पुढची वीस-पंचवीस वर्षे विमानातून वस्तीवर मारा करण्याचा सराव वसाहतींमध्ये होत राहिला. आपल्याला जालियनवाला बाग माहीत असते, पण त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिल १९१९ रोजी, पंजाबातल्या गुजरांवाला या गावावर ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले आणि मशीनगन चालवल्या, हे आपल्या वर्गांत क्वचितच सांगितले जाते. बॉम्ब पडलेल्या ठिकाणांत खालसा हायस्कूलचे आवार होते. मी स्वतः ही गोष्ट शिक्षक झाल्यावर पाच-सहा वर्षांनी वाचली आणि तोपर्यंत ती मुलांना सांगितली नव्हती याची मला अजून खंत आहे. इराकमध्ये, सोमालीलँडमध्ये, वझिरीस्तानात हेच चालू होते, कारण पायदळ पाठवण्यापेक्षा विमान स्वस्त पडत असे. नागरिकांना घाबरवण्यासाठी बॉम्बफेक करू नये, असा नियमांचा मसुदा १९२३ मध्ये हेगमध्येच तयार झाला, पण कोणत्याही देशाने त्याला मान्यता देऊन तो बंधनकारक केला नाही. जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत बॉम्बफेकीवर संपूर्ण बंदीचा विषय निघाला तेव्हा १९३३ च्या ब्रिटिश मसुद्यात एक अपवाद घालण्यात आला : दूरच्या काही प्रदेशांतील पोलिसी कामापुरती मुभा असावी. दूर म्हणजे लंडनपासून दूर. तिथे राहणाऱ्यांना ते घरच होते.

स्वतःच्या घरावर हेच येणार, हेही त्यांच्या नेत्यांना दिसत होते. नोव्हेंबर १९३२ मध्ये स्टॅन्ली बाल्डविन यांनी ब्रिटिश संसदेत सांगितले की बॉम्बफेकी विमान कसेही करून लक्ष्यापर्यंत पोहोचणारच, आणि यापुढे बचाव याचा अर्थ शत्रूपेक्षा जास्त बायकामुले जास्त वेगाने मारणे असा होईल. त्यांनी हे दुःखाने सांगितले होते. पण दुःखाने सांगितलेली गोष्टसुद्धा अटळ म्हणून सांगितली की तिची तयारी सुरू होते, आणि तसेच झाले. २६ एप्रिल १९३७ रोजी, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, स्पेनमधल्या गेर्निका गावावर हिटलरच्या काँडोर लीजन या हवाई तुकडीने इटालियन विमानांच्या साथीने बॉम्ब टाकले. आपल्याकडे आठवडी बाजाराचा दिवस म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. तालुक्याला एखाद्या बाजारच्या दिवशी वरून कोणी पाहिले, तर त्याला काय दिसेल?

१ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व संबंधित देशांना आवाहन केले की नागरी वस्तीवर बॉम्बफेक करू नका. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी या तिन्ही देशांनी होकार दिला. जर्मनीने होकार दिला तेव्हा तिची विमाने पोलंडमधल्या गावांवर बॉम्ब टाकतच होती, आणि महिना संपण्याआधी वॉर्सा जळाले. मे १९४० मध्ये रॉटरडॅम, सप्टेंबर १९४० पासून लंडन, १४ नोव्हेंबर १९४० रोजी कॉव्हेंट्री. कॉव्हेंट्रीत एका रात्रीत ५६८ माणसे गेली. १९४१ च्या मेपर्यंतच्या त्या मोहिमेत ब्रिटनमध्ये ४० हजारांहून अधिक नागरिक मारले गेले. याची सुरुवात नाझी जर्मनीने केली, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि पुढे जे लिहितो आहे ते वाचताना कोणी हे विसरू नये.

"त्यांनी आधी केले" हे वाक्य मात्र जगातल्या सर्वांत जुन्या वाक्यांपैकी असावे. आमच्या गावात सप्ताहाला येणारे एक कीर्तनकार सौप्तिक पर्वाची कथा लावत असत. अश्वत्थामा झोपलेल्या छावणीत शिरायला निघतो तेव्हा कृपाचार्य त्याला अडवतात, आणि तो पांडवांनी मोडलेला एकेक नियम त्यांना मोजून दाखवतो. त्याची यादी खोटी नव्हती. द्रोण, कर्ण, दुर्योधन, तिघांच्याही बाबतीत नियम मोडले गेले होते. तरीही कृपाचार्यांचे म्हणणे एवढेच होते की झोपलेल्यांना मारणे हे त्या यादीचे उत्तर होऊ शकत नाही. कीर्तनकार इथे थांबत, आणि मंडपात बराच वेळ कोणी हलत नसे.

ब्रिटनचा प्रवास कसा झाला, तो जरा तपशिलात पाहण्यासारखा आहे, कारण तो एका रात्रीत झाला नाही. सुरुवातीला ब्रिटिश हवाई दल कारखाने आणि तेलाचे साठे यांनाच लक्ष्य करत होते. दिवसा गेले तर विमाने पडत, म्हणून रात्री जाऊ लागले. ऑगस्ट १९४१ मध्ये विमानांनी काढलेल्या छायाचित्रांची तपासणी करून एक अहवाल तयार झाला, त्यात असे निघाले की लक्ष्यावर मारा केला असे सांगणाऱ्या विमानांपैकी तीनात एक विमानच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचत होते. म्हणजे वर्ध्यातला एखादा कारखाना पाडायला निघालेल्या तीन विमानांपैकी दोघांचे बॉम्ब पवनारच्याही पलीकडच्या शेतात पडावेत, तसे. अशा वेळी प्रामाणिकपणे दोन मार्ग उरतात : नेम सुधारावा किंवा थांबावे. तिसरा मार्ग म्हणजे जिथे नेम लागतो तेच लक्ष्य ठरवून टाकावे. ब्रिटनने तिसरा मार्ग निवडला.

१४ फेब्रुवारी १९४२ रोजी निघालेल्या आदेशात लिहिले होते की मोहिमेचा रोख आता शत्रूच्या नागरी लोकसंख्येच्या, विशेषतः औद्योगिक कामगारांच्या, मनोधैर्यावर असावा. दुसऱ्या दिवशी हवाई दलाचे प्रमुख चार्ल्स पोर्टल यांनी खुलासा मागवला तोही असा, की नेम धरायचा तो वस्तीवर, गोदी किंवा विमानांचे कारखाने यांच्यावर नाही, हे सर्वांना नीट समजले आहे ना. आठवडाभरात आर्थर हॅरिस बॉम्बर कमांडचे प्रमुख झाले. मार्चअखेरीस चर्चिल यांचे वैज्ञानिक सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी एका टिपणात हिशेब मांडला की जर्मनीतल्या ५८ मोठ्या शहरांवर बॉम्ब टाकले तर देशातील जवळजवळ एक तृतीयांश लोक बेघर होतील आणि त्यांची हिंमत खचेल. बेघर करणे, मनोधैर्य खचवणे. घरात झोपलेल्या माणसासह घर जाळल्याशिवाय ते माणूस बेघर होत नाही, हे त्या टिपणात कुठेही लिहिलेले नाही.

इथेच मला त्या मुलाला थांबवून सांगायचे आहे की आपली म्हण इथे लागूच होत नाही. सुक्याबरोबर ओले जळणे म्हणजे पेटवायचे सुके होते आणि ओले सापडले. पोर्टल यांच्या खुलाशात ओले हेच लक्ष्य आहे. सुके, म्हणजे कारखाना आणि गोदी, हे बाजूला काढून ठेवलेले आहे.

जुलै १९४३ च्या अखेरीस हॅम्बर्गमध्ये काय झाले ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ती कुटाराची गंजी आठवली. २७ जुलैच्या रात्री सातशेहून अधिक विमाने शहरावर गेली. हवा अनेक दिवस कोरडी आणि गरम होती. मोठ्या बॉम्बनी छपरे आणि खिडक्या उडवायच्या आणि उघड्या पडलेल्या घरांत आगीचे छोटे बॉम्ब टाकायचे, अशी त्याची पद्धत होती. कामगार वस्तीतल्या हजारो आगी मिळून एकच आग झाली, आणि तिने आजूबाजूची हवा इतक्या जोराने ओढून घेतली की वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर गेला. रस्त्यावर आलेली माणसे त्या वाऱ्याने आगीकडे ओढली गेली, आणि जी तळघरांत बसून राहिली त्यांतली बहुतेक तिथेच विषारी वायूने आणि उष्णतेने गेली. त्या मोहिमेत सुमारे ३७ हजार माणसे मेली असे मानले जाते. मी ज्या वाऱ्यात उभा होतो तो एका गंजीचा वारा होता आणि मला मागे ओढायला वडील होते.

आता समोरची बाजू. माझे एक स्नेही, जे सैन्यात सुभेदार होते, मला नेहमी विचारतात की १९४२ मध्ये ब्रिटनने करायचे तरी काय होते. फ्रान्स पडला होता, रशिया कोसळण्याच्या बेतात होता, युरोपात फौज उतरवण्याची ताकद नव्हती, आणि समोरची सत्ता ज्यूंना जिवंत राहण्याचाच हक्क नाकारत होती. हा प्रश्न मी हलका मानत नाही. अमेरिकन विचारवंत मायकेल वॉल्झर यांनीही असे मांडले आहे की संपूर्ण समाजच नष्ट होण्याचे परम संकट समोर असेल तर हा नियम मोडण्याचा विचार होऊ शकतो, पण ते संकट टळल्यावर तो आधार राहत नाही. जर्मनीला हजारो तोफा आणि लढाऊ विमाने शहरांच्या रक्षणासाठी मागे ठेवावी लागली, त्याचा रशियाच्या आघाडीवर फायदा झाला, हेही खरे आहे. आणि विमानात बसलेली पोरे सरासरी बावीस-तेवीस वर्षांची होती. बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण परत आले नाहीत. त्यांना राक्षस म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसायचे नाही.

पण स्नेह्यांना माझे उत्तर असे असते. ज्या गोष्टीसाठी हा नियम मोडला, ती गोष्ट घडली नाही. लोकांची हिंमत खचली नाही, जशी लंडनमध्ये खचली नव्हती. जर्मनीचे युद्धोत्पादन १९४४ च्या मध्यापर्यंत वाढतच गेले आणि ते घसरले ते तेलाचे कारखाने आणि रेल्वे यांच्यावर नेमका मारा सुरू झाल्यावर. म्हणजे जे सुके होते ते पेटवल्यावर. आणि संकटाचा आधार घ्यायचाच तर १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री, रशियन फौजा बर्लिनपासून शंभर किलोमीटरच्या आत असताना, निर्वासितांनी भरलेले ड्रेस्डेन जाळताना कोणते संकट उरले होते? तिथे सुमारे २५ हजार माणसे गेली. महिना-दीड महिन्याने, २८ मार्चला, खुद्द चर्चिल यांनी टिपण लिहिले की इतर निमित्ते सांगून केवळ दहशत वाढवण्यासाठी जर्मन शहरांवर बॉम्ब टाकण्याचा फेरविचार करण्याची वेळ आली आहे. हवाई दलाने आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी ते टिपण मागे घेतले आणि सौम्य शब्दांत दुसरे लिहिले. पहिले टिपण मात्र शिल्लक राहिले.

युद्ध चालू असताना, आपली बाजू न्यायाची असताना, कोणी हे बोलले का? बोलले. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी ९ फेब्रुवारी १९४४ रोजी लॉर्ड्सच्या सभागृहात उभे राहून सरकारला विचारले की संपूर्ण शहरे पुसून टाकण्याच्या धोरणाला आधार काय. ते हिटलरचे सुरुवातीपासूनचे विरोधक होते, जर्मनीतून पळालेल्यांना आसरा मिळवून देणारे होते, आणि लष्करी लक्ष्यांवरच्या माऱ्याला त्यांचा विरोध नव्हता. कॉमन्समध्ये खासदार रिचर्ड स्टोक्स हेच प्रश्न विचारत राहिले. लोकांनी दोघांना शिव्या दिल्या. त्याच वर्षी कँटरबरीच्या आर्चबिशपचे पद रिकामे झाले तेव्हा बेल यांचा विचार झाला नाही, तो या भाषणामुळेच, असे अनेकांनी मानले.

आणि आमच्या इथे, सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर, धाम नदीच्या काठी पवनारला, १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून युद्धाविरुद्ध भाषण केले. लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडत होते तो हा महिना. इंग्रजांचे वाईट व्हावे म्हणून ते भाषण नव्हते, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. ज्यांनी त्यांना निवडले ते गांधी सप्टेंबर १९३९ मध्ये सिमल्याला व्हाइसरॉयला भेटले तेव्हा वेस्टमिन्स्टर ॲबी आणि संसदभवन कोसळलेले डोळ्यांसमोर येऊन त्यांना रडू कोसळले होते, असे त्यांनी स्वतःच जाहीर केले आहे. ज्यांच्या तुरुंगात आपली माणसे आहेत त्यांच्या शहरासाठी रडणे. ब्रिटिशांनी शस्त्रे खाली ठेवावीत, हा गांधींचा १९४० चा सल्ला मला कधीच पटला नाही आणि आजही पटत नाही. हिटलरसमोर शस्त्र उचलणे भाग होते असेच मला वाटते. पण ते रडणे मला पटते. कॉव्हेंट्री जळाले तेव्हा विनोबा तुरुंगात होते.

युद्धानंतर नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्गला खटले झाले, पण शहरांवरची बॉम्बफेक हा गुन्हा म्हणून तिथे फारसा पुढे आला नाही. जिंकणाऱ्यांना तो विषय काढणे सोयीचे नव्हते. १९४९ च्या जिनिव्हा करारांनंतरही हवेतून होणाऱ्या माऱ्याचे स्पष्ट नियम यायला १९७७ उजाडले. त्या वर्षीच्या पहिल्या पूरक करारात अखेर लिहिले गेले की नागरिक हे लक्ष्य असू शकत नाहीत, संपूर्ण शहर एकच लक्ष्य मानून मारा करता येत नाही, आणि लष्करी लक्ष्यावर मारा करतानाही अपेक्षित फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी अतोनात होणार असेल तर तो मारा करू नये. शक्य असेल तिथे आधी इशारा द्यावा. मी हे वाचतो तेव्हा मला पारावरचा तो म्हातारा दिसतो. वारा कुठे होता, वेळ कोणती होती, निरोप धाडला होता का. ब्रिटनने हा करार १९९८ मध्ये स्वीकारला, फ्रान्सने २००१ मध्ये. भारताने अजून स्वीकारलेला नाही. दुसऱ्यांना बोल लावताना हेही सांगितले पाहिजे.

यानंतरचे युरोपचे राजकारण मला या प्रश्नाभोवती घुटमळताना दिसते. १९९९ मध्ये नाटोने सुरक्षा परिषदेच्या संमतीवाचून सर्बियावर ७८ दिवस बॉम्बफेक केली. सर्बियाच्या ताब्यातल्या कोसोव्होतल्या अल्बानियन लोकांचा छळ खरा होता. जर्मनीत तेव्हा ग्रीन पक्ष सत्तेत होता, जो शांततेच्या चळवळीतूनच उभा राहिला होता, आणि परराष्ट्रमंत्री योश्का फिशर त्याच पक्षाचे. आपण "पुन्हा युद्ध नको" इतकेच शिकलो नाही, "पुन्हा आउशवित्झ नको" हेही शिकलो, असे ते म्हणाले. आउशवित्झ म्हणजे नाझींची ज्यूंना मारण्याची छावणी. पक्षाच्या अधिवेशनात कोणीतरी त्यांच्या कानावर लाल रंगाने भरलेली पिशवी फेकून मारली. बेलग्रेडच्या दूरदर्शन केंद्रावर पडलेल्या बॉम्बने १६ कर्मचारी मारले. फिशर यांचे वाक्य मला खोटे वाटत नाही, आणि तरी त्या १६ जणांचा त्या वाक्याशी काय संबंध होता, हे मला कोणी समजावून सांगू शकलेले नाही.

हविजाचे प्रकरण मला याहून जास्त शिकवून गेले. जून २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या विमानांनी इराकमधल्या हविजा येथे इसिसच्या बॉम्ब बनवण्याच्या कारखान्यावर मारा केला. लक्ष्य लष्करीच होते, पूर्णपणे सुके. पण आत साठवलेल्या स्फोटकांनी सगळा परिसर उडाला आणि किमान ७० नागरिक मेले. डच संसदेला चार वर्षे खरी माहिती मिळाली नाही. ती २०१९ मध्ये तिथल्या पत्रकारांनी बाहेर काढली. मग संरक्षणमंत्र्यांवर अविश्वास ठराव आला, तो थोडक्यात फेटाळला गेला, चौकशी आयोग बसला आणि त्याचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला. दहा वर्षे लागली. पण "आमचा हेतू कारखान्याचाच होता" एवढ्यावर तो देश थांबला नाही. आजूबाजूला कोण राहते हे तुम्ही स्वतः तपासले होते का, हा पारावरचाच प्रश्न त्यांनी स्वतःच्या सैन्याला विचारला. त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

हाच आदर इतर ठिकाणी टिकवणे कठीण जाते. रशियाने युक्रेनची वीजकेंद्रे ऐन हिवाळ्यात फोडली तेव्हा युरोपातल्या जवळजवळ सगळ्या राजधान्यांनी एका सुरात त्याला युद्धगुन्हा म्हटले, आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२४ मध्ये रशियन सेनाधिकाऱ्यांविरुद्ध त्यासाठी अटकेचे हुकूम काढले. ते योग्यच झाले. पण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली, आणि त्यानंतर गाझावर जे बॉम्ब पडू लागले, ज्यांत तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार मृतांची संख्या मार्च २०२५ पर्यंत ५० हजारांच्या पुढे गेली, तेव्हा तो सूर फुटला. स्पेन, आयर्लंड आणि नॉर्वे यांनी इस्रायलवर उघड टीकेची भूमिका घेतली, जर्मनी आपल्या इतिहासाच्या ओझ्याखाली बराच काळ वेगळे बोलत राहिला, आणि हंगेरीने तर त्याच न्यायालयातून बाहेर पडण्याची घोषणा केली. नागरिकांविषयीचा नियम मित्राला लागू करताना ज्याची जीभ अडखळते, त्याला तो नियम शत्रूला ऐकवण्याचा अधिकार कमी होतो, आणि त्याची किंमत युक्रेनमधला माणूस मोजतो. हे मी युरोपविषयी लिहितो आहे, पण टपरीवरच्या त्या संध्याकाळी मीही गप्पच होतो.

गेल्या महिन्यात तो मुलगा घरी आला होता, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर सही हवी होती. मी त्याला बसवले आणि यातले थोडेफार सांगितले. हॅम्बर्ग त्याने शांतपणे ऐकले, ती गंजी कोणाची होती ते त्याने त्याच्या आजोबांकडून ऐकलेले होते. मग मी त्याला मारियुपोलच्या नाट्यगृहाचे छायाचित्र दाखवले. मार्च २०२२ मध्ये शेकडो माणसे तिथे आसऱ्याला होती, आणि इमारतीच्या पुढे आणि मागे, जमिनीवर, खूप मोठ्या अक्षरांत रशियन भाषेत एक शब्द रंगवलेला होता. १६ मार्चला तिथे बॉम्ब पडला. त्याने फोटो बोटांनी मोठा केला आणि विचारले, "काय लिवलं हाय, सर?"

"मुले," मी सांगितले.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "वरून दिसत असन काय हे?"

मी त्याला सांगितले की तो पाहत होता ते छायाचित्र उपग्रहातूनच काढलेले आहे.